वरच्या वाडीच्या बाई मलावीला गेल्या

उज्वला तांबे यांना महाडात नावाने हाक मारणारं आता फारसं कुणी उरलं नव्हतं. भाजीवालीपासून बँकेतल्या कारकुनापर्यंत सगळ्यांच्या त्या 'बाई'. जिल्हा परिषदेच्या शाळांमधली चौतीस वर्षांची नोकरी संपून तीन वर्षं झाली होती. तरी रस्त्यात एखादा मिशीवाला बाप्या वाकून पाया पडला, की बाई अजूनही त्याच्या चेहऱ्यात तिसरीतलं पोर शोधायच्या, आणि बहुतेक वेळा त्यांना ते सापडायचंही.

त्यांचा एकुलता एक मुलगा किशोर पाच वर्षांपासून आफ्रिकेत होता, मलावी नावाच्या देशात. आधी महाडच्या एमआयडीसीत केमिस्ट होता, मग तिकडच्या एका साखर कारखान्याच्या लॅबमध्ये लागला. बायको सारिका आणि नऊ वर्षांची श्रुतिका त्याच्याबरोबर. यंदा मे महिन्यात तिघं सुट्टीवर आली ती ठरवूनच, की परत जाताना आईबाबांना दोन महिन्यांसाठी घेऊन जायचं. धम्मपाल म्हणजे बाईंचे यजमान. एस.टी.च्या डेपोत मेकॅनिक म्हणून सगळी हयात गाड्यांच्या पोटाखाली काढलेला माणूस. विमानात बसायचं म्हटल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "त्याचं ब्रेकडाऊन झालं तर माणसाने उतरायचं कुठे?"

एक दिवस दुपारी जेवताना सारिका सहज बोलून गेली. कारखान्याच्या उसाला लागून एक प्राथमिक शाळा आहे. हजाराच्या वर मुलं. वीज गेल्या वर्षी पोचली, पण कॉम्प्युटर एकही नाही. पुस्तकात धडा आहे म्हणून शिक्षक फळ्यावर कॉम्प्युटरचं चित्र काढतात आणि मुलं ते वहीत उतरवतात.

बाईंचा घास हातातच राहिला. "चित्रात उंदीर काढतात का गं?"

"उंदीर?"

"माउस गं!"

"हो, काढतात की. एका मुलाने तर त्याला मिशा पण काढल्या होत्या," सारिका म्हणाली आणि सगळे हसले. बाईही हसल्या. पण जेवण झाल्यावर त्यांनी चपला घातल्या आणि भर उन्हात त्या मैनाच्या दुकानाकडे निघाल्या.

मैना महाडात कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवते. बाजारात या धंद्यात बाईमाणूस ती एकटीच. एकवीस सालच्या पुरात दुकानात छताला हात लागेल इतकं पाणी शिरलं होतं. पाणी ओसरल्यावर तिने रडत न बसता लोकांची चिखलाने भरलेली यंत्रं गोळा केली, एकेक भाग धुऊन, वाळवून, जमतील तेवढी चालू करून दिली. तेव्हापासून "मैनाकडे द्या, मेलेलं उठवते" अशी ख्याती झाली. ही मैना मूळची कुडपणच्या अंगाला, डोंगरात असलेल्या वरच्या वाडीची. सतरा घरांची वाडी. तिथल्या एकशिक्षकी शाळेत बाईंनी सात वर्षं काढली होती, आणि मैना त्यांच्या हाताखाली पाटीवर ग म भ न गिरवत मोठी झाली होती.

बाईंनी सगळं सांगितलं. मैनाने हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला.

"एका कंपनीने जुने लॅपटॉप काढून टाकलेत, बाई. माझ्याकडेच पडून आहेत. सतरा-अठरा आहेत, त्यातले दहा तरी मी उभे करते. पण एक अट."

"काय?"

"तिकडे कपाटात नाय जायला पाहिजेत."

बाईंना कळलं नाही. मैनाने त्यांना स्टुलावर बसवलं आणि चहा सांगितला.

"तुमची बदली झाली, तुम्ही वाडीवरून उतरलात, आणि आपल्या शाळेतला कॉम्प्युटर कपाटात गेला तो गेलाच. बिघडला तर भरून कोण देणार, म्हणून कुलूप लागलं. आम्ही मधल्या सुट्टीत कपाटाच्या फटीला डोळा लावून बघायचो. आत नुसता काळोख. पण मी सगळ्यांना सांगायचे, मला दिसतोय, मला दिसतोय." मैना हसत हसत म्हणाली. "मग एक दिवस कपाट उघडलं तर उंदरांनी आत घर केलेलं."

मैनाने ते हसण्यावारी नेलं, पण बाईंना हसू आलं नाही. वीस वर्षांत हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. आणि खरं म्हणजे, त्यांनी कधी विचारलंही नव्हतं.

घरी परतताना वाट नेहमीची होती, पण बाई चालत होत्या ती वीस-बावीस वर्षांपूर्वीची.

दोन हजार दोन साल. तालुक्यातल्या काही शाळांना संगणक मिळाले त्यात वरच्या वाडीचं नाव निघालं. पोलादपूरला सही करून बाईंनी तीन खोकी ताब्यात घेतली आणि जीपचं चाक जाईल तिथवर नेली. पुढे डोंगर. वाडीतून पाच-सहा गडी उतरून आले. त्यातल्या सहदेवने डोक्यावर चुंबळ ठेवून मॉनिटरचं खोकं उचललं, ते साऱ्या चढणीत दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. "अंड्याची पाटी नेल्यागत नेतो, बाई, तुमी चला फुडं," म्हणाला. विसाव्याला खोकं दगडावर टेकवलं तेव्हाही त्याचा एक हात त्यावर होताच, गाभण म्हशीच्या पाठीवर ठेवावा तसा.

पुढच्या आठवड्यात लाइट आली आणि यंत्र सुरू झालं. सारी वाडी शाळेत लोटली. सहदेवची आई येसूबाई सगळ्यांना बाजूला सारत पुढे आली. तिचा धाकटा, महादू, मुंबईला एका खानावळीत कामाला होता. दोन वर्षं गावी फिरकला नव्हता.

"टीवीत मान्सं दिसतात तशी ह्याच्यात दिसतात काय गो बाय? माजा महादू दिसंल काय?"

बाईंनी चित्र काढायची पाटी उघडली आणि माउस धरून, अडखळत, पडदाभर मोठ्या अक्षरांत लिहिलं, महादू. अक्षरं कसली, गांडुळं होती ती. म्हणाल्या, "हे महादूचं नाव, आजी."

येसूबाईने काचेवरून बोट फिरवलं. मग मान हलवून म्हणाली, "किती वाकडातिकडा झालाय. मुंबयचं खानं अंगाला लागत नाय वाटतं."

सगळी शाळा हसली होती. बाईही हसल्या होत्या. पण पुढे कित्येक महिने म्हातारी बाजाराला जाता-येता शाळेत डोकवायची आणि म्हणायची, "बाय, त्याला दाखव गो एकदा." आणि बाई दाखवायच्या.

दहा लॅपटॉप तयार व्हायला बारा दिवस लागले. मैना रोज दोन-तीन आणून टाकी. पलंगावर, शोकेसवर, शिवणयंत्रावर, जिथे बघावं तिथे लॅपटॉप. धम्मपाल म्हणाले, "घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं! माझा चष्मा ठेवायला जागा नाही राहिली." पण रात्रीच्या जेवणाआधी प्रत्येक लॅपटॉपचा चार्जर आणि माउस त्याच्याच पिशवीत आहेत ना, ते तपासायचं काम त्यांनी न सांगता अंगावर घेतलं. डेपोत गाडी सोडताना जशी नजर टाकायची, तशी.

पाच माणसं, दर माणशी दोन. सामानात टाकायचे नाहीत, हातातच न्यायचे, असं किशोरने बजावलं होतं. श्रुतिकाने आपले दोन पाठीला लावले आणि ती कासवासारखी विमानतळभर फिरली. अदिस अबाबाला विमान बदललं. मलावीला उतरल्यावर मात्र अडले. तपासनीस एकेक पिशवी उघडत गेला आणि प्रत्येकीतून लॅपटॉप निघत गेले. विकायला आणलेत का, कुणाचे आहेत, कागद कुठे? किशोरने शाळेचं पत्र दाखवलं, ते घेऊन तो माणूस आत गेला. तासभर पाचही जण बाकड्यावर ओळीने बसून राहिले. धम्मपालना घाम फुटला होता. शेवटी आतून एक अधिकारी बाई आल्या, पत्र परत देत म्हणाल्या, शाळेच्या मुख्याध्यापकांशी फोनवर बोलणं झालंय, जा. तेव्हा कुठे सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.

मग मोटारीने खाली नदीच्या खोऱ्यात. दोन्ही बाजूंना ऊस, मधून लाल मातीचा रस्ता, कडेने डोक्यावर ओझी घेऊन चालणाऱ्या बाया. पाठीला पोर बांधलेलं, डोक्यावर लाकडाची मोळी आणि मान अशी ताठ, की बाईंना पोलादपूरचा बाजार उरकून डोंगर चढणाऱ्या बाया आठवल्या. त्या काच खाली करून बघत राहिल्या.

चौथ्या दिवशी शाळेत कार्यक्रम झाला. लांबट, पत्र्याची, विटांची शाळा. आठ इयत्ता, त्यातल्या दोन झाडांखाली भरणाऱ्या. मुलांनी टाळ्यांच्या ठेक्यावर गाणं म्हटलं, असं की धम्मपालसुद्धा मान डोलावू लागले. मुख्याध्यापक म्वाले सर पन्नाशीचे, उंच, इस्त्रीचा कोट घातलेले. टेबलावर फुलांचं कापड पसरून त्यावर दहाही लॅपटॉप मांडले होते. भाषणं झाली, फोटो झाले. जेवायला मक्याच्या पिठाची न्सिमा होती, आपल्या घट्ट उकडीसारखी, सोबत पालेभाजी आणि मासळी. बाईंनी सरळ हाताने गोळा मोडून खाल्ला तेव्हा बसलेल्या शिक्षिकांनी आनंदाने एकमेकींना कोपरखळ्या मारल्या.

आणि मग म्वाले सरांनी एक जाड वही काढली. एकेका लॅपटॉपचा नंबर तीत लिहिला. दहाही पिशव्या ऑफिसातल्या लोखंडी कपाटात ठेवल्या, कुलूप लावलं, ओढून पाहिलं आणि किल्ली कोटाच्या आतल्या खिशात टाकली.

बाईंनी ते सगळं पाहिलं. त्यांना ती वही ओळखीची होती. ते कुलूप ओढून पाहणंही ओळखीचं होतं. वरच्या वाडीत त्या स्वतः रोज संध्याकाळी तेच करत. किल्ली कमरेला. बदली झाली तेव्हा ती किल्ली आणि सामानाची यादी त्यांनी सही घेऊन सोपवली, आणि डोंगर उतरताना डोक्यावरचं ओझं गेल्यासारखं हलकं वाटलं होतं त्यांना. यादीत सगळं होतं. चालवायचं कसं, मुलांना कसं द्यायचं, हे कुणाला तरी सांगायला हवं होतं, ते तेवढं यादीत नव्हतं.

"झालं, आई. काम फत्ते!" गाडीत बसताना किशोर म्हणाला.

"हं," बाई म्हणाल्या.

आठवडा गेला. रोज सकाळी फिरायला म्हणून बाई सारिकाला घेऊन शाळेवरून जात. मुलं हात हलवत. फळ्यावर एके दिवशी पुन्हा कॉम्प्युटरचं चित्र दिसलं. खडूने काढलेलं, नीट, कोपऱ्यात उंदीर. त्या दिवशी बाई फाटकातून आत वळल्या.

सारिका घाबरली. "आई, त्यांना राग येईल हं. पाहुणे म्हणून आलोय आपण."

"मी काही बोलायला नाही जात, सांगायला जातेय. मी मराठीत सांगते, तू त्यांच्या भाषेत सांग. काही गाळायचं नाही."

सारिका गेली पाच वर्षं तिथल्या बाजारात घासाघीस करून चिचेवा भाषा शिकली होती, इंग्रजी तर येतच होतं. म्वाले सरांनी दोघींना खुर्च्या दिल्या. कपाटाकडे हात करून अभिमानाने म्हणाले, "अगदी सुरक्षित आहेत, मॅडम. गेल्या वर्षी आमच्या छताचे पत्रे चोरीला गेले. यातला एक जरी गेला तरी मला जाब द्यावा लागेल."

"बरोबर आहे तुमचं," बाई म्हणाल्या. मग त्यांनी सांगायला सुरुवात केली. डोंगर, सहदेवची चुंबळ, तीन खोकी. येसूबाई आणि तिचा वाकडातिकडा महादू. ते ऐकून म्वाले सर मोठ्याने हसले. मग बाईंनी बदलीचं सांगितलं. किल्लीचं सांगितलं. फटीला डोळा लावणाऱ्या पोरीचं सांगितलं. तिथे सारिका भाषांतर करता करता थांबली, कारण ही गोष्ट तिला स्वतःलाही पहिल्यांदाच कळत होती.

"ते कुलूप दुसऱ्यांनी लावलं, पण तशी सवय मीच घालून दिली होती," बाई म्हणाल्या. "वीस वर्षांत मी एकदाही वर चढून बघायला गेले नाही. तुम्हाला शिकवायला आले नाहीये मी, सर. माझ्या हातून राहिलं ते सांगितलं."

म्वाले सर चष्मा काढून रुमालाने पुसत बसले. बाहेर कुठल्यातरी वर्गात पाढ्यासारखं काहीतरी चाललं होतं.

"मॅडम, मीही एक खरं सांगतो," ते शेवटी हलक्या आवाजात म्हणाले. "चोरीची भीती आहे. पण तेवढीच नाही. आम्ही अकरा शिक्षक आहोत. त्यातल्या कुणाला ते यंत्र चालवता येत नाही. मलासुद्धा. चालू करायचं बटण कुठे असतं तेही ठाऊक नाही. मुलांसमोर कपाट उघडायचं आणि मग काय करायचं?"

सारिकाने हे मराठीत सांगितलं आणि बाई एकदम हसायलाच लागल्या. इतक्या, की डोळ्यांना पदर लावावा लागला.

"अहो, मला तरी कुठे येत होतं! खोकी उघडून तीन दिवस मी नुसती पुस्तकातली चित्रं बघत बसले होते. मग शनिवारी घरी जाताना पोलादपूरला टेलिफोन बूथमधून एकाला फोन लावला आणि विचारलं, बाबा, याचा कान कुठे पिळायचा?"

म्वाले सरांनी खिशात हात घातला आणि किल्ली टेबलावर ठेवली.

त्या दिवसापासून दुपारी शाळा सुटल्यावर अकराही शिक्षक बाकांवर बसू लागले आणि सारिकाला भाषांतराला घेऊन बाई फळ्यापाशी उभ्या राहू लागल्या. पहिल्या आठवड्यात मुलं नाहीत, फक्त शिक्षक. चालू करायचं, बंद करायचं, माउस धरायचा. म्वाले सरांच्या मोठ्या हातात तो माउस ठरेना, बाण पडद्याबाहेर पळून जाई, आणि ते "कुठे गेला, कुठे गेला" म्हणून टेबलाखाली बघत. ग्रेस नावाची चौथीची शिक्षिका सगळ्यांत चटपटीत. बाळ पाठीला बांधून शिके आणि बाळही तिच्या खांद्यावरून मान काढून पडद्याकडे टक लावून बघे. दुसऱ्या आठवड्यापासून शिक्षकांनी मुलांना शिकवायचं आणि बाईंनी मागे उभं राहायचं, असं ठरलं. ते मागे उभं राहणं बाईंना सगळ्यांत जड गेलं. हात शिवशिवत. पण त्या पदराचं टोक मुठीत धरून उभ्या राहिल्या.

मुलं रांगेने येत. एका लॅपटॉपवर सहा जणं, प्रत्येकाला थोडा थोडा वेळ. आपली पाळी झालेलं मूल उठून पुन्हा रांगेच्या शेपटीला जाऊन उभं राही, आणि मास्तरांनी पाहिलं की साळसूदपणे आकाशाकडे बघे. बाईंना वाटे, हे तर आपल्या वाडीतलंच. मैना, भागोजीची पोरं, सगळी हेच करायची. कपडे वेगळे, बोली वेगळी, चलाखी तीच. घरी येऊन त्या महाडला फोन लावायच्या आणि मैनाला दिवसभराचं सांगायच्या. तिकडे लावण्या सुरू झाल्या होत्या, मैना म्हणायची, पाऊस धो धो आहे बाई, सावित्री भरून चाललीय. इकडे कोरडी थंडी आणि निळं आकाश. जून महिन्यात अंगात स्वेटर घालून बसायची बाईंची ही पहिलीच खेप.

एकदा किशोर कामावरून लवकर सुटला आणि आईला घ्यायला शाळेवर आला. वर्ग अजून चालू होता. तो दारात उभा राहिला. आत बाई एका मुलीच्या मागे वाकून उभ्या होत्या. मुलगी एका बोटाने स्वतःचं नाव लिहीत होती आणि एकेक अक्षर उमटलं की वळून बाईंच्या तोंडाकडे बघत होती. बाई नुसती मान हलवत होत्या. किशोर अर्धा तास तसाच उभा होता. कुणाचं लक्ष नव्हतं.

गाडीत तो म्हणाला, "आई, तू सोमवारी पहाटे वाडीवर जायचीस ना, तेव्हा मी पांघरूण डोक्यावर घेऊन झोपेचं सोंग करायचो."

"माहीत होतं मला. सोंग करणाऱ्याच्या पायाची बोटं हलतात."

"मला फार राग यायचा तेव्हा. त्या पोरांचा. शनिवारपर्यंत तू त्यांची असायचीस. बाबा डब्यात रोज बटाट्याची भाजी द्यायचे."

सात वर्षं हीच बोच बाईंच्याही मनात होती. डोंगर चढताना दर सोमवारी पहिल्या वळणापर्यंत डोळे पाण्याने भरलेले असत. दुसऱ्या वळणावर मुलं वाट बघत उभी दिसत, आणि मग ते पुसावे लागत.

"तुला शिकवताना मी कधी पाहिलंच नव्हतं," किशोर समोर रस्त्याकडे बघत म्हणाला. "आज वाटलं, जाऊन त्या रांगेत उभं राहावं."

बाईंनी त्याच्या दंडावर हात ठेवला. घर येईपर्यंत तो त्यांनी काढला नाही.

निघायला दहा दिवस राहिले असताना व्हायचं ते झालं. रांगेत ढकलाढकली झाली आणि एक लॅपटॉप बाकावरून खाली पडला. झाकण एका बाजूने निखळलं, पडदा काळा. ज्याचा धक्का लागला ते पोर भिंतीला चिकटून उभं. म्वाले सरांचा चेहरा उतरला. त्यांची नजर ऑफिसातल्या कपाटाकडे गेली आणि बाईंनी ती बरोबर पकडली.

"अहो, इकडे या," त्यांनी बाहेर झाडाखाली बसलेल्या धम्मपालना हाक मारली. "तुमच्या गिऱ्हाइकाचं ब्रेकडाऊन झालंय."

सारिकाने मैनाला व्हिडिओ कॉल लावला. महाडच्या दुकानातली मैना आणि मलावीच्या वर्गातले धम्मपाल समोरासमोर आले. आयुष्यभर मोठमोठे पाने फिरवलेली ती बोटं, आणि समोर तांदळाच्या दाण्याएवढे स्क्रू. धम्मपालनी हातरुमाल पसरला आणि काढलेला एकेक स्क्रू त्यावर काढला त्याच क्रमाने मांडत गेले. "काका, आता डावीकडची पट्टी हळूच उचला. हळूच! ती एस.टी.ची बॉनेट नाय," मैना तिकडून ओरडली. इकडे पोरांना शब्द कळला नाही, पण सूर कळला आणि सगळी खिदळली. ग्रेस मॅडम बाळासकट धम्मपालांच्या खांद्यापाशी येऊन उभी राहिली. पडद्याची वायर निसटली होती, तेवढीच. ती बसवायला मात्र धम्मपालांची बोटं जाडी पडली. तीनदा प्रयत्न झाला. मग ग्रेसने विचारलं, मी करू? तिने ओठ दाताखाली धरून वायर बसवली. बटण दाबलं. पडदा उजळला.

जो गलका झाला तो ऐकून झाडाखालच्या दोन्ही इयत्ता धावत आल्या. भिंतीला चिकटलेल्या पोराला म्वाले सरांनीच हाताला धरून पुढे आणलं आणि त्या लॅपटॉपसमोर बसवलं.

झाकण पुढेही थोडं वाकडंच राहिलं. मागे वीट लावून उभं करावं लागे. पण चालत होता.

जुलैच्या शेवटी तांबे पतिपत्नी परत निघाले. निरोपाला म्वाले सरांनी भाषण केलं नाही. बाईंच्या हातात शाळेच्या वहीतलं एक पान दिलं. त्यावर अकराही शिक्षकांनी कुणी कुठल्या वाराला कुठला वर्ग घ्यायचा, ते लिहून सह्या केल्या होत्या. ग्रेसने छापील कापडाचं एक लांब वस्त्र बाईंच्या कमरेला गुंडाळून दिलं. बाईंनी विमानात बसेपर्यंत ते साडीवरून तसंच ठेवलं. किशोर, सारिका आणि श्रुतिका तिकडेच राहिली. विमानतळावर किशोरने आईला वाकून नमस्कार केला आणि मग लहान मुलासारखी मिठी मारली.

मुंबईला उतरून पनवेलवरून एस.टी. धरली. गाडी धम्मपालांच्याच डेपोची, त्यामुळे इंजिनाचा आवाज ऐकत "क्लच घसरतोय" असं ते नागोठण्यापर्यंत म्हणत राहिले. महाडला पाऊस होता. स्टँडवर मैना छत्री घेऊन उभी.

घरी जायच्या आधी बाई तिच्या दुकानात टेकल्या. चहा आला. मैना समोर बसून म्हणाली, "आता सगळं पहिल्यापासून सांगा. पोरं कशी आहेत? नावं काय त्यांची?"

बाई बोटांवर मोजत सांगू लागल्या. "एक चिसोमो. तिला गणित छान येतं. एक ताडाला, फार बोलते. मग तो लिमबानी, ज्याच्या हातून पडला तो, शेवटी सगळ्यांत चांगलं लिहायला लागला. मग मुरारी, तो रांगेत दोनदा घुसायचा, आणि—"

"बाई," मैना हसायला लागली, "मुरारी आमच्या वर्गातला."

बाई थांबल्या. मग त्याही हसल्या.

"खरंच की गं. कुठे असतो आता तो?"

"घाटकोपरला. रिक्षा चालवतो. गणपतीत येईल. येसूआजी गेली त्याला झाली सहा वर्षं, पण सहदेव काका आहेत वरती. विचारतात तुम्हाला."

"आता गाडीरस्ता झालाय का गं वरपर्यंत?"

"झालाय. शेवटचा चढ तेवढा चालावा लागतो."

"पाऊस कमी झाला की जाऊ या," बाई म्हणाल्या. कप खाली ठेवून त्यांनी पुन्हा बोटं उघडली. "हं, तर कुठे होते मी? लिमबानी."